खिडकीतला उजेड : हौशी पोर्ट्रेटची गोष्ट



आजच्या विषयात ‘पोर्ट्रेट’ हा शब्द आहे म्हणून काही जण कॅमेरे घेऊन आलेले दिसतायत. त्यांचं स्वागत. पण कोणता कॅमेरा घ्यावा, कोणती लेन्स लावावी, हे आज आम्ही सांगणार नाही. आम्ही चार-पाच हौशी मंडळी. नोकऱ्या सांभाळून फोटो काढणारी आणि फोटोंचा इतिहास वाचणारी. आज इतिहासच सांगायचा आहे. मात्र तो सांगायची गरज का वाटली, ते आधी सांगतो, कारण त्याची सुरुवात आमच्या एका फजितीतून झाली.

काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाच्या गावी गेलो होतो. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे चांगले फोटो काढून, फ्रेम करून त्यांना भेट द्यायचे, असा बेत. बहुतेकांकडे स्वतःचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा तेवढाच. दुपारी बाराला सगळ्यांना अंगणात बसवलं. ऊन भरपूर होतं, आम्हाला वाटलं झकास. ओळीनं फोटो काढले. महिन्याभरानं प्रिंट घेऊन गेलो, तर एका आजींनी फ्रेम हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, “बाळांनो, हा माझा फोटो हाय का माझ्या कवटीचा?”

आजींचं बरोबर होतं. डोक्यावरच्या उन्हानं डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खाचा पडल्या होत्या, नाकाची सावली ओठावर उतरली होती, आणि कॅमेऱ्यापुढे श्वास धरून बसल्यानं खांदे वर चढले होते. परत येताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही. ज्या बाईचा आयुष्यात एकच मोठा फोटो होणार, तो आम्ही बिघडवला होता.

त्यानंतर आम्ही जुने फोटो बघायला लागलो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे नव्हेत, अगदी सुरुवातीचे, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे. आणि लक्षात आलं की आमची चूक नवी नव्हती. उजेड आणि बैठक, या दोन गोष्टींशी माणसं पहिल्या दिवसापासून झगडत होती. त्यातली काही उत्तम उत्तरं धंदेवाईक स्टुडिओंनी शोधली नाहीत, ती हौशी लोकांनी शोधली. असं का झालं, ते आज बघू.

सुरुवात १८३९ पासून करू. त्या वर्षी पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटवायची ही रीत. बातमी अमेरिकेत पोचली आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस या तरुणानं स्वतःचा फोटो काढला. कॉर्नेलियसच्या घरचा व्यवसाय दिव्यांचा. धातूला चकाकी कशी आणायची हे त्याला हाताला ठाऊक. दुकानामागच्या मोकळ्या जागेत, उघड्यावर कॅमेरा ठेवला आणि स्वतः समोर जाऊन उभा राहिला. तो फोटो आजही आहे. केस विस्कटलेले, हाताची घडी, चेहरा मधोमध नाही, थोडा कडेला. आपल्याला तो आजचा वाटतो. पण एक लक्षात घ्या. हा माणूस तिथे बरीच मिनिटं न हलता उभा आहे.

तेव्हाच्या पोर्ट्रेटची सगळी अडचण या ‘न हलता’मध्ये आहे. पत्रा उजेडाला मंद होता, म्हणून वेळ लागायचा. वेळ लागायचा म्हणून माणूस हलायचा. मग उपाय दोनच उरतात. एक तर उजेड वाढवा, नाही तर माणूस बांधून ठेवा. स्टुडिओवाल्यांनी दोन्ही केलं.

मार्च १८४१ मध्ये लंडनला रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनच्या गच्चीवर रिचर्ड बिअर्डचा पोर्ट्रेट स्टुडिओ सुरू झाला. तिथली व्यवस्था बघण्यासारखी होती. खोलीचं छत काचेचं. बसायची जागा फिरती, म्हणजे सूर्य सरकेल तशी खुर्ची वळवायची. काच निळी. तेव्हाचे रासायनिक पत्रे निळ्या प्रकाशालाच जास्त दाद देत. त्यामुळे निळ्या काचेतून कामाचा प्रकाश आत येई आणि बसणाऱ्याचे डोळे मात्र दिपत नसत. डोक उत्तम. आणि खुर्चीच्या मागे डोकं धरणारा लोखंडी चिमटा. हा चिमटा पुढची कित्येक दशकं स्टुडिओत टिकला. जुन्या फोटोत उभ्या माणसाच्या बुटांमागे कधी कधी एक लोखंडी पाय डोकावतो, तो या स्टँडचाच.

आता आपल्या घरातल्या भिंतीवरचा जुना फोटो आठवा. पगडी किंवा काळी टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर, चेहरा असा की कोणी रागावलंय. आपण म्हणतो, जुनी माणसं फार करारी होती बुवा. असतीलही. पण तो करारीपणा काही अंशी कॅमेऱ्याचा आहे. हसू काही सेकंदसुद्धा जसंच्या तसं टिकत नाही. करून बघा. गंभीर चेहरा टिकतो. आपण ज्याला आजोबांचा स्वभाव समजतो, त्यात त्या दिवशीच्या काचेचा आणि स्टुडिओतल्या सवयीचाही वाटा असतो. माणसाबद्दल पिढ्यान्‌पिढ्या एक समजूत तयार होते आणि तिच्या मुळाशी उजेड कमी पडलेला असतो, ही गोष्ट आम्हाला साधी वाटत नाही.

आता स्कॉटलंडमध्ये जाऊ. १८४३. एडिंबरामध्ये डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल नावाचा चित्रकार. त्या वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि शेकडो धर्मोपदेशक बाहेर पडले. हिलला त्या प्रसंगाचं भव्य चित्र काढायचं होतं. इतके चेहरे रेखाटायचे कसे? तेव्हा त्याची गाठ रॉबर्ट ॲडमसनशी पडली. हा तरुण, कागदावर फोटो काढायच्या कॅलोटाइप पद्धतीत तयार झालेला. दोघांनी मिळून एडिंबराच्या काल्टन हिलवरच्या रॉक हाऊसमध्ये काम सुरू केलं. ॲडमसन जानेवारी १८४८ मध्ये गेला, अवघ्या सव्विसाव्या वर्षी. जेमतेम साडेचार वर्षांत दोघांनी काही हजार फोटो काढले. ते मोठं चित्र मात्र पुरं व्हायला १८६६ उजाडलं. आज लोक फोटोच बघतात.

रॉक हाऊसला बिअर्डसारखं काचेचं छत नव्हतं. फोटो उघड्यावर, उन्हात काढायचे. पण बघताना तसं वाटत नाही. खुर्ची, टेबल, पडदा, पुस्तकं हे सगळं घरातून बाहेर आणून मांडायचं आणि खोलीचा भास करायचा. सावल्या फार काळ्या पडू नयेत म्हणून अंतर्वक्र आरशानं उजेड परतवायचा. आज आपण पांढरा थर्माकोल धरतो ना, तेच काम.

पण आम्हाला जास्त शिकवलं त्यांच्या बैठकींनी. बघा, हिलच्या फोटोत माणसांचे हात कधी रिकामे नसतात. कोणी गालावर हात टेकवून बसलेला, कोणी पुस्तकावर कोपर ठेवलेला. आपल्याला वाटतं, विचारात गढलेत. ते विचारात असतीलही, पण मुख्य म्हणजे ते टेकलेत. डोक्याला आधार चिमट्याचा नाही, स्वतःच्या हाताचा आहे. एडिंबराजवळच्या न्यूहेवन गावातल्या कोळणींचे त्यांनी काढलेले फोटो आवर्जून बघा. वेताच्या टोपल्यांवर रेललेल्या, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या. मुंबईच्या ससून डॉकवर पहाटे गेलेल्या कुणालाही ती उभं राहायची पद्धत ओळखीची वाटेल. त्या बायकांना स्थिर ठेवलंय त्यांच्याच कामानं आणि त्यांच्याच सोबतीनं. चिमटा माणसाला थांबवतो तेव्हा माणूस आखडतो. आधार थांबवतो तेव्हा माणूस विसावतो. दोन्हीकडे माणूस स्थिरच असतो, पण फोटोत फरक दिसतो.

मग प्रश्न असा, की हे कळूनही स्टुडिओ का सुधारले नाहीत? उत्तर पैशात आहे. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीनं एका पद्धतीचं पेटंट घेतलं. एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घ्यायचे, कापून कार्डावर चिकटवायचे. पोर्ट्रेट स्वस्त झालं आणि त्याची लाट आली. ही गोष्ट वाईट म्हणणार नाही आम्ही. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणाचं चित्र निघालं नव्हतं, त्यांच्या घरात फोटो आला. पण धंदा म्हटला की गिऱ्हाइकामागे गिऱ्हाईक. उजेड असा ठेवायचा की कोणीही बसलं तरी चालेल, म्हणजे सगळीकडून सारखा, सपाट. मागे रंगवलेला पडदा, बाजूला अर्धा खांब, हात त्या खांबावर. चुकायची मुभा नाही, कारण चुकलं तर पैसे परत.

आणि हौशी माणसाकडे नेमकी हीच मुभा होती.

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात क्लेमेंटिना हॉवर्डन नावाची बाई राहायची. उमराव घराणं, पुष्कळ मुलं. १८५९ च्या सुमारास लंडनला राहायला आल्यावर तिनं घराच्या पहिल्या मजल्यावरच्या खोल्याच फोटोसाठी वापरल्या. सामान जवळजवळ काढून टाकलं. उरल्या उंच खिडक्या, एक मोठा आरसा आणि तिच्या मुली. हॉवर्डनचा उजेड एका बाजूनं येतो. मुलीच्या अर्ध्या चेहऱ्यावर तो असतो, दुसरी बाजू सावलीत विरघळते. कधी तर ती खिडकीसमोरच उभी करते आणि उजेड मागून येतो. कोणत्याही धंदेवाल्यानं ही काच फेकून दिली असती. कधी आरशात मुलीचा दुसरा चेहरा दिसतो आणि आपण एका फोटोत एकाच माणसाच्या दोन बाजू बघतो. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीनं तिला पदकं दिली. जानेवारी १८६५ मध्ये ती वारली, बेचाळीस वर्षांची होती. तिचे सुमारे पावणेआठशे फोटो आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. नातीनं ते १९३९ मध्ये दिले. पुष्कळांचे कोपरे फाटलेले आहेत, कारण ते घरच्या अल्बममधून ओढून काढले होते. म्हणजे हे सगळं घरातच होतं, घरच्यांसाठी होतं.

हॉवर्डनची खिडकी काय करते, ते थोडं समजून घेऊ. उजेड येणारी जागा चेहऱ्याच्या मानानं मोठी असली, की सावलीची कड मऊ होते. सूर्य प्रचंड आहे खरा, पण इथून तो एवढासा दिसतो, म्हणून उन्हातली सावली सुरीसारखी. खिडकीजवळ बसलेल्या माणसाला खिडकी मोठी दिसते, म्हणून सावली हळूहळू गडद होत जाते. आणि एका बाजूनं उजेड आला की नाकाची, गालाची, हनुवटीची ठेवण कळते. चेहरा सपाट राहत नाही.

आता जिच्यासाठी आम्ही हा विषय घेतला त्या बाईकडे येतो. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म १८१५ चा, कलकत्त्याचा. नवरा चार्ल्स हे कॅमेरॉन, मेकॉलेच्या बरोबर हिंदुस्थानच्या कायदा आयोगावर काम केलेला. इंग्लंडला परतल्यावर हे कुटुंब आइल ऑफ वाइट बेटावर फ्रेशवॉटरला राहू लागलं. डिसेंबर १८६३ मध्ये मुलीनं आणि जावयानं तिला एक कॅमेरा भेट दिला, एकटेपणात विरंगुळा म्हणून. तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. कॅमेरा कसा धरतात, हेही धड ठाऊक नव्हतं. कोळशाच्या खोलीची तिनं डार्करूम केली. काचेचं खुराडं होतं, त्यातल्या कोंबड्या बाहेर काढल्या आणि तो स्टुडिओ केला. जानेवारी १८६४ मध्ये ॲनी नावाच्या एका लहान मुलीचा फोटो साधला आणि तिनं त्याला आपलं पहिलं यश म्हटलं. फोटो साधा आहे. कोट घातलेली मुलगी, मान थोडी वळवलेली, बाजूनं उजेड. बस.

पद्धत होती ओल्या कलोडियनची. काचेवर चिकट द्रावण ओतायचं, चांदीच्या क्षारात बुडवायचं, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. दहा-पंधरा मिनिटांत सगळा खेळ. बोटं काळी, साड्या... म्हणजे तिचे झगे डागाळलेले. (हशा) त्यात तिच्या काचा मोठ्या, आणि पुढे तर पंधरा बाय बारा इंचांच्या. इतर लोक उजेड वाढवून वेळ कमी करायच्या मागे होते. हिनं उलट केलं. पडदे लावून बराचसा उजेड बंद केला आणि एका बाजूनं हवा तेवढाच आत घेतला. त्यामुळे वेळ वाढला, तीन मिनिटं, पाच मिनिटं, सात मिनिटं. डोक्याचा चिमटा वापरला नाही. मग माणूस किंचित हलणारच. श्वास घेणार, पापणी लवणार. तो हललेपणा तिनं राहू दिला. फोकसही थोडा मऊ ठेवला.

त्या काळच्या फोटोग्राफीच्या नियतकालिकांनी तिला झोडपलं. फोकस नाही, काचेवर डाग, बोटांचे ठसे, ओरखडे. खरंच होतं ते, ओरखडे आजही दिसतात. पण साउथ केन्सिंग्टन म्युझियमच्या हेन्री कोलनं १८६५ मध्ये तिचे फोटो विकत घेतले आणि १८६८ मध्ये तिथल्या दोन खोल्या तिला स्टुडिओसाठी दिल्या.

तिचा १८६७ चा जॉन हर्शेलचा फोटो एकदा तरी नीट बघा. खगोलशास्त्रज्ञ हर्शेल. ‘हायपो’ वापरून फोटो पक्का करता येतो हे सांगणारा, आणि ‘फोटोग्राफी’ हा शब्द रूढ करणाऱ्यांतला. कॅमेरॉनचा जुना स्नेही. ती कॅमेरा घेऊन त्याच्या घरी गेली. असं सांगतात की तिनं त्याला आधी केस धुवायला लावले, म्हणजे ते पिंजून उजेड पकडतील. गडद पार्श्वभूमी, वरून-बाजूनं येणारा प्रकाश, पांढरे केस पेटल्यासारखे, आणि पाणावलेले म्हातारे डोळे. खुर्ची नाही, खांब नाही, दुर्बीणसुद्धा नाही. तरी हा माणूस आयुष्यभर आकाशाकडे बघत आलाय, हे कळतं. आमच्या आजींच्या फोटोतही उजेड वरूनच होता. पण इथे तो मोजून, झाकून, वळवून आणलेला आहे.

कॅमेरॉनची आरती ओवाळायची नाही आम्हाला. तिच्या घरात कामाला असलेली मेरी हिलिअर तिच्या कितीतरी फोटोंत मॅडोना होऊन बसली आहे. मालकिणीला सात मिनिटं नको म्हणणं मोलकरणीला किती शक्य होतं? १८७५ मध्ये कॅमेरॉन कुटुंब सिलोनला, आपल्या मळ्यांवर गेलं. तिथे तिनं स्थानिक माणसांचे, मळ्यावरच्या मजुरांचे फोटो काढले. उजेडाची जाण तीच. पण इंग्लंडमधल्या तिच्या फोटोंना नावं आहेत, हर्शेल, कार्लाइल, डार्विन. सिलोनच्या बहुतेक चेहऱ्यांना नाव नाही. १८७९ मध्ये ती तिथेच वारली.

हा नावाचा मुद्दा आपल्याकडे फार बोचरा होतो. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली. लंडनच्या सोसायटीनंतर लवकरच. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिथल्या सुरुवातीच्या भारतीय फोटोग्राफरांपैकी. म्हणजे फोटोची हौस आपल्याकडे उशिरा आली, असं मुळीच नाही. १८५६ पासून मुंबईत जॉन्सन आणि हेंडरसन यांनी हौशी लोकांच्या नावानं एक फोटोंचा अल्बमच प्रसिद्ध करायला घेतला. त्यात इथल्या जातीजमातींचे गट आहेत. पुढे सरकारी आश्रयानं ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. त्यातले पुष्कळ फोटो लष्करी आणि मुलकी अधिकाऱ्यांनी काढलेले, म्हणजे आपल्या भाषेत हौशी लोकांनीच. फोटोखाली जातीचं, जमातीचं नाव. माणसाचं नाव क्वचित. आणि बैठक कशी? समोर तोंड, हत्यार किंवा अवजार हातात, नमुना म्हणून उभा.

म्हणून आम्ही म्हणतो की बैठक ही नुसती सौंदर्याची बाब नाही. न्यूहेवनच्या कोळणीच्या हातात टोपली आहे आणि या खंडांतल्या माणसाच्या हातातही त्याचं अवजार आहे. पण एकीला टोपलीचा आधार आहे आणि दुसऱ्याला त्या अवजारावरून ओळखायचं आहे. कॅमेऱ्यामागच्या माणसाला समोरच्याचं नाव हवंय की नमुना हवाय, ते फोटोत उतरतं.

पुढचं भराभर सांगतो. १८७१ मध्ये मॅडॉक्सनं कोरड्या जिलेटिनच्या काचेची कल्पना मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा बाजारात मिळू लागल्या. वेळ सेकंदाच्या अंशांवर आला. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅशची पूड आली. १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक, शंभर फोटो आत भरलेला. आता कोणीही फोटो काढू शकत होतं. साध्या कॅमेऱ्याला भरपूर उजेड लागे, म्हणून एक नियम घरोघर गेला : सूर्य पाठीशी घ्या. म्हणजे तो बसणाऱ्याच्या डोळ्यांत. जगभरच्या अल्बमांतली माणसं डोळे बारीक करून का बघतायत, याचं हे कारण. कॅमेऱ्याची मर्यादा होती, ती आपण शिस्त म्हणून पाळत बसलो. आज हातातला फोन अंधारातही फोटो काढतो आणि तरी आपण म्हणतो, “उजेडाकडे तोंड कर, हात खाली, ताठ उभा राहा.” चिमटा गेला, चिमट्याची सवय राहिली.

मग या दीडशे-पावणेदोनशे वर्षांतून आम्ही काय घेतलं? फार थोडं. उजेड वाढवण्याआधी तो कुठून बंद करता येईल ते बघायचं, हे कॅमेरॉनचं. माणसाला खिडकीपाशी न्यायचं आणि बाजूनं बसवायचं, हे हॉवर्डनचं. हाताला काहीतरी टेकायला द्यायचं, ते शक्यतो त्याचंच, हे हिलचं आणि ॲडमसनचं. वेळ द्यायचा. आता तो काचेला लागत नाही, पण माणसाला लागतोच. पहिल्या पाच मिनिटांत माणूस फोटो काढून घेत असतो, नंतर कंटाळून स्वतःसारखा बसतो. आणि फोटोच्या मागे नाव लिहायचं. पूर्ण नाव, गाव, तारीख.

त्या आजींकडे आम्ही परत गेलो. त्या आधी तयार नव्हत्याच. म्हणाल्या, “एकदा काढलाय की, पुरे आता.” मग आम्ही कॅमेरा पिशवीत ठेवला आणि चहा घेत बसलो. तासाभरानं त्या आपल्या रोजच्या जागी गेल्या. घराचं दार उत्तरेला. दाराच्या आत, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर बसून सुपातले तांदूळ निवडायला लागल्या. दारातून मऊ उजेड एका गालावर, मागे घरातला काळोख, मनगटं सुपाच्या कडेवर टेकलेली. आम्ही काहीच मांडलं नाही. विचारलं, “आजी, काढू का?” त्या मान वर न करता म्हणाल्या, “काढा, पण लवकर आवरा, खडे दिसंनात मला.” आमच्यातला एकजण दारात आडवा उभा होता. त्यांचा सगळा उजेड त्यानंच अडवला होता. (हशा)

तो बाजूला सरला आणि आम्ही फोटो काढला. आजी आता नाहीत. फोटो त्यांच्या घरात आहे. मागे त्यांचं नाव लिहिलं आहे, आणि समोर डोळे दिसतात.